‘नकली पनीर’ची आवई उठते तेव्हा : नव्या डेअरीचालकांसाठी

मार्च २०२५ मध्ये नकली पनीरचा विषय विधानसभेत गाजला आणि त्यानंतर पनीर विकणाऱ्या प्रत्येक लहान दुकानाकडे लोक थोड्या संशयाने पाहू लागले. अशा वातावरणात आमच्या तालुक्याच्या गावी एक चित्रफीत फिरू लागली. लग्नाच्या जेवणावळीतील पनीरच्या तुकड्यावर कोणीतरी आयोडीनचा थेंब टाकला होता, तुकडा काळानिळा पडला होता आणि खाली आमच्या डेअरीचे नाव होते. पिष्ट असेल तर आयोडीनने निळा रंग येतो हे खरेच आहे. परंतु तो तुकडा चिली पनीरचा होता, म्हणजे तळण्यापूर्वी मक्याच्या पिठात घोळवलेला होता. हा खुलासा अचूक होता, तरी त्याचा उपयोग फारसा झाला नाही, कारण चित्रफीत अर्ध्या मिनिटाची होती आणि खुलासा समजून घ्यायला पाच मिनिटे लागत होती.

अशी वेळ तुमच्यावर आली, तर इन्कार करण्यापूर्वी स्वतःचे शीतगृह तपासा, हे मी कठोरपणे सांगतो. लग्नसराईत मागणी वाढली की अनेक दुकानदार बाहेरून सुटे पनीर आणून आपल्या नावाने विकतात, हे या धंद्यातल्या सर्वांना ठाऊक आहे. नियमानुसार पनीरच्या कोरड्या घटकांत किमान ५० टक्के दुग्धस्निग्धांश असावा लागतो आणि वनस्पती तेलापासून बनवलेला पर्यायी पदार्थ ‘पनीर’ या नावाने विकता येत नाही. बाहेरून आलेल्या मालाची तुम्हाला स्वतःला खात्री नसेल, तर ‘आमचा सगळा माल शुद्ध आहे’ असे सरसकट विधान करू नका. जो माल तुमच्या कढईत तयार झाला, त्याच्यापुरतेच बोला. माल खरोखर चांगला असेल, तर मात्र घाबरण्याचे कारण नाही, कारण रतिबाची गिऱ्हाइके रोज तुमचे दूध तापवतात आणि त्यांचा अनुभव सहसा चित्रफितीपेक्षा जड ठरतो.

आता ज्या गोष्टीत मी अडकलो, ती जरा विस्ताराने सांगतो, कारण नव्या माणसाला ती सर्वांत सोपी आणि भक्कम वाट वाटते. आवई उठताच मी पनीरचा नमुना डब्यात भरून, बर्फात ठेवून, मान्यताप्राप्त खासगी प्रयोगशाळेत नेऊन दिला, शुल्क भरले आणि अहवाल उत्तम आला. तो फलकावर लावला आणि गटांत पाठवला. दुसऱ्या दिवशी एका गिऱ्हाइकाने अहवालातल्या दोन ओळी वाचून दाखवल्या : नमुना ग्राहकाने (म्हणजे मीच) आणून दिलेला आहे, आणि निष्कर्ष केवळ तपासलेल्या नमुन्यालाच लागू आहेत. त्याचा प्रश्न सरळ होता : ‘तुम्ही चांगलेच पनीर नेले असणार ना?’ त्याला देण्यासारखे उत्तर माझ्याकडे नव्हते. प्रयोगशाळेचा यात काहीच दोष नाही. जो नमुना तिने स्वतः घेतला नाही, त्याच्या मूळ साठ्याची हमी ती देऊ शकत नाही आणि अहवालात तसे स्पष्ट लिहिणे तिचे कर्तव्यच आहे. शिवाय बहुतेक अहवालांवर तो जाहिरातीसाठी वापरू नये, अशीही अट छापलेली असते. म्हणून तुमच्या हातून गेलेल्या नमुन्याचा अहवाल तुमच्या स्वतःच्या समाधानासाठी आहे. संशय घेणाऱ्यासाठी तो पुरावा होत नाही, उलट ‘लपवण्यासारखे काही नसते तर एवढी धडपड कशाला’ असे म्हणायला त्याला निमित्त मिळते.

पुरावा हवा असेल, तर नमुना दुसऱ्याच्या हाताने निघाला पाहिजे. अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, २००६ मध्ये याच्या दोन वाटा आहेत. कलम ४७ प्रमाणे अन्न सुरक्षा अधिकारी नमुना घेतात, तेव्हा त्याचे चार भाग करून मोहोरबंद करतात. एक भाग अन्न विश्लेषकाकडे जातो, दोन भाग त्यांचे वरिष्ठ असलेल्या पदनिर्देशित अधिकाऱ्यांकडे राहतात आणि दुकानदाराने मागणी केल्यास चौथा भाग मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडे पाठवला जातो. ही मागणी त्याच वेळी लेखी करा, कारण दोन्ही अहवालांत तफावत आली तर प्रकरण अशा वादांत फेरतपासणी करणाऱ्या निर्देश प्रयोगशाळेकडे जाऊ शकते. दुसरी वाट कलम ४० ची आहे आणि ती फार थोड्या लोकांना माहीत असते : स्वतः अन्न व्यवसायात नसलेला कोणताही खरेदीदार शुल्क भरून अन्न विश्लेषकाकडून पदार्थ तपासून घेऊ शकतो, मात्र आपला तसा हेतू आहे हे त्याने खरेदीच्या वेळीच दुकानदाराला सांगावे लागते. सर्वांत मोठ्याने बोलणाऱ्या गिऱ्हाइकाला मी हेच सुचवले आणि तो कोणता तुकडा उचलतो याकडे पाहिलेसुद्धा नाही. तपासणी त्याने शेवटी केली नाही, परंतु बोलणेही थांबवले. एक इशारा मात्र ध्यानात ठेवा : सरकारी तपासणीत स्निग्धांश थोडा जरी कमी भरला, तरी माल कमी प्रतीचा ठरून ५ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, त्यामुळे दुधाच्या फॅटबद्दल निश्चिती नसताना कोणालाही असे आव्हान देऊ नये.

कायद्याच्या धाकाबद्दल थोडक्यात. अजूनही ‘६६ अ लावा’ असा सल्ला देणारे भेटतात. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ते कलम सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१५ मध्येच रद्द केले आहे. बदनामीसाठी भारतीय न्याय संहितेचे कलम ३५६ आहे आणि नुकसानभरपाईचा दिवाणी दावा एका वर्षाच्या आत दाखल करावा लागतो. दावा करा अथवा करू नका, मूळ संदेश ज्या फोनवर आला तो फोन जपून ठेवा, कारण नुसत्या स्क्रीनशॉटवर न्यायालयात भागत नाही. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे अशा इलेक्ट्रॉनिक पुराव्याला प्रमाणपत्र जोडावे लागते. मात्र ही कंडी कोणी पिकवली याचा शोध घेण्यात महिने घालवू नका. शेजारच्या दुकानदारावर संशय येणे स्वाभाविक आहे, पण पुराव्याशिवाय त्याचे नाव घेतलेत तर तुमचीही गणना आवई उठवणाऱ्यांतच होईल.

या काळात सल्लागार भरपूर भेटतात. पाचशे रुपयांत पंचतारांकित अभिप्राय वाढवून देणारे, आणि हॉटेलच्या सभागृहात ‘ब्रँड’ शिकवणारे मार्गदर्शक, अशा दोन्ही प्रकारच्या लोकांबद्दल माझे मत वाईट आहे. विकतचे अभिप्राय गावातली माणसे नावांवरूनच ओळखतात. माझ्या उपयोगी पडला तो एक निवृत्त दूध संकलक, ज्याने कोणतेही तत्त्वज्ञान न सांगता फक्त विचारले, ‘गवळ्यांचा हप्ता दिलास का?’

त्याचा प्रश्न रास्त होता, कारण पहिला धक्का काउंटरवर बसत नाही. दूध घालणारे शेतकरी आठवड्याचे पैसे रोख मागू लागतात, आणि केटरर स्पष्ट काही न बोलता ऑर्डर निम्मी करतात. म्हणून सर्वांत आधी काउंटरवरच्या मुलांना एकच दोन वाक्यांचे उत्तर ठरवून द्या, नाहीतर प्रत्येक जण वेगळे सांगतो. त्यानंतर गवळ्यांचे देणे, शक्य असल्यास ठरलेल्या दिवसाच्या आधी चुकते करा. केटररला फोन न करता प्रत्यक्ष भेटा, त्याला पहाटे कढईपाशी येऊन उभे राहायला सांगा, आणि तरीही त्याने आगाऊ रक्कम परत मागितली तर वाद न घालता त्याच दिवशी द्या. त्यालाही वधूपित्याला तोंड द्यायचे असते. आमच्या केटररांपैकी काही पुढच्या हंगामात परत आले, काही आले नाहीत, आणि जे आले त्यांच्या डब्यांवर आम्ही आता तयार केल्याची तारीख, वेळ व घाणा (बॅच) क्रमांक लिहून देतो आणि प्रत्येक घाण्याचा एक तुकडा, त्या मालाची मुदत संपेपर्यंत, त्यांच्या सहीनिशी आमच्या फ्रीजमध्ये ठेवतो.