मुंबई ते न्यूयॉर्क: अंतर आणि वेळ मोजताना या चुका टाळा

तिकिटावर '१५ जानेवारी, ००:५०' असेल, तर विमानतळावर १४ तारखेच्या रात्री पोचायचं. ही चूक सगळ्यात आधी सांगते, कारण बाकीच्यांनी गैरसोय होते, हिने विमानच चुकतं. आपल्या बोलण्यात रात्र आदल्या दिवसाची असते. पंचांगातला वारही सूर्योदयाला बदलतो. तिकिटावरची तारीख मात्र मध्यरात्री उलटते. मुंबईहून अमेरिका-युरोपला जाणारी बरीच विमानं मध्यरात्रीनंतरचीच असतात. म्हणून आईवडिलांना नुसतं '१५ तारखेचं विमान' सांगू नका. '१४ तारखेला, बुधवारी रात्री लवकर जेवून साडेआठला घर सोडायचं' असं सांगा, आणि तेच कागदावर लिहून फ्रिजवर लावा.

दुसरी चूक वजाबाकीची. सुटण्याची वेळ मुंबईची आणि पोचण्याची न्यूयॉर्कची असते. समजा, विमान रात्री १:३० ला निघून त्याच तारखेला सकाळी ७:३० ला उतरतं. मग प्रवास सहा तासांचा? नाही. आधी दोन्ही वेळा भारतीय वेळेत आणा. हिवाळ्यात न्यूयॉर्क आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे असतं, म्हणजे तिथले ७:३० हे आपले संध्याकाळचे सहा. प्रवास साडेसोळा तासांचा झाला. मार्चच्या दुसऱ्या रविवारी तिथली घड्याळं तासभर पुढे जातात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी परत मागे येतात. त्या काळात फरक साडेनऊ तासांचा धरायचा. भारतात घड्याळ कधीच हलत नाही, म्हणून हे हमखास विसरतं आणि न्यायला येणारा तासभर आधी किंवा उशिरा पोचतो.

अंतराबाबत भिंतीवरचा नकाशा फसवतो. त्यावर पट्टी ठेवली की रेघ अरबस्तान आणि उत्तर आफ्रिकेवरून अटलांटिककडे जाते. पृथ्वीगोलावर दोरा ताणून बघा: सर्वांत जवळची वाट मुंबईहून उत्तर-वायव्येला निघून रशिया, आइसलँड, ग्रीनलंडचं दक्षिण टोक अशी जाते. हे अंतर सुमारे १२,५०० किलोमीटर आहे. मुलांना हा दोऱ्याचा प्रयोग जरूर करून दाखवा. संकेतस्थळावर आकडा 'मैलां'त असेल तर कुठले मैल ते तपासा. साधा मैल १.६०९ किलोमीटरचा, सागरी मैल १.८५२ किलोमीटरचा, गल्लत झाली तर या एका मार्गावर दीड हजार किलोमीटरहून जास्त फरक पडतो.

मग १२,५०० ला ताशी ९०० ने भागून 'चौदा तास' काढणंही चूकच. वेळापत्रकातल्या वेळेत विमानाचं धावपट्टीपर्यंत हळूहळू जाणं आणि रांगेत थांबणंही धरलेलं असतं. शिवाय विमान दोऱ्यावरून जातंच असं नाही. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमान कंपन्यांना आपलं आकाश बंद केलं, तेव्हा वळसे वाढले. दिल्लीहून निघणाऱ्यांना त्याची झळ जास्त बसली. वारंही आहेच. उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान झोत वाहतात, त्यामुळे जाताना वेळ जास्त लागतो आणि येताना कमी. परतीच्या प्रवासाला तेवढेच तास धरू नका.

रक्तदाबाच्या किंवा साखरेच्या गोळ्या चालू असतील, तर 'सकाळी-संध्याकाळी' यावर विसंबू नका. प्रवासाचे खरे तास डॉक्टरांना सांगून दोन गोळ्यांमधलं अंतर लिहून घ्या. आणि बाबांच्या मनगटावरचं घड्याळ न्यूयॉर्कला उतरेपर्यंत भारतीय वेळेवरच राहू द्या.