नॅस बदलायची वेळ येण्याआधीच बाहेर पडायची वाट कशी तयार ठेवावी

नॅस, म्हणजे घरच्या नेटवर्कला जोडलेली डिस्कची पेटी, घरात आहे म्हणजे डेटा आपल्या ताब्यात आहे, असं आपण धरून चालतो. पण डिस्कवर तो कोणत्या पद्धतीने लिहिला जातो, हे कंपनी ठरवते. ड्रोबो या कंपनीच्या नॅसमधल्या डिस्क तिच्या स्वतःच्या बियॉन्डरेड पद्धतीने लिहिलेल्या असत. तिची मालक कंपनी स्टोरसेंट्रिक २०२२ मध्ये दिवाळखोरीत गेली आणि २०२३ मध्ये मोडीत निघाली. पेटी बिघडली तर नेहमीच्या पद्धतीने डिस्क वाचायला दुसरा ड्रोबोच हवा, आणि तो आता नवा मिळत नाही. अशा वेळी धावाधाव करणं म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणं. म्हणून पेटी ठणठणीत असतानाच पुढची कामं उरकून घ्या.

पहिलं काम : डिस्क दुसरीकडे वाचता येते का, ते पाहा

सेटिंग्जमध्ये स्टोरेजचा भाग उघडा आणि रेडचा (अनेक डिस्क एकत्र वापरण्याच्या पद्धतीचा) प्रकार व फाइल सिस्टिम (डिस्कवर फाइली मांडण्याची पद्धत) टिपून ठेवा. सिनॉलॉजी या नॅस कंपनीचं एसएचआर हे रेड नावाने वेगळं वाटतं, पण आत डिस्क एकत्र जोडणारे लिनक्सचेच एमडीॲडम आणि एलव्हीएम असतात, वर ईएक्सटी४ किंवा बीटीआरएफएस ही फाइल सिस्टिम. त्यामुळे उबंटू या लिनक्सवर ते उघडता येतं. क्यूनॅप या दुसऱ्या कंपनीच्या क्यूयूटीएस हीरो या प्रणालीत झेडएफएस ही फाइल सिस्टिम आहे खरं, पण ते कंपनीने बदललेलं आहे. ट्रूनॅस या नॅससाठीच्या मुक्त प्रणालीतल्या ओपनझेडएफएसमध्ये तो पूल (डिस्कचा एकत्र साठा) इम्पोर्ट होत नाही. म्हणून नुसत्या नावावर जाऊ नका.

आता प्रत्यक्ष चाचणी. चालू रेडमधली डिस्क ओढून काढायची नाही. रिकाम्या खणात एक जुनी, कामाची नसलेली डिस्क बसवा, तिच्यावर मुख्य व्हॉल्यूमशी (नॅसवरच्या साठ्याच्या भागाशी) शक्य तितक्या मिळत्याजुळत्या सेटिंगचं छोटं व्हॉल्यूम करा आणि एखादा फोल्डर कॉपी करा. नॅस बंद करून ती डिस्क काढा, सॅटा-यूएसबी ॲडॉप्टरने लॅपटॉपला जोडा आणि उबंटूच्या लाइव्ह (इन्स्टॉल न करता चालणाऱ्या) पेनड्राइव्हवरून फक्त वाचण्यापुरती माउंट करा, म्हणजे उघडा. फाइल उघडली, की निम्मी काळजी मिटली. एन्क्रिप्शन वापरत असाल तर चाचणी एन्क्रिप्शनसकट करा. चावीची फाइल नॅसवरच पडून असेल तर तिचा काडीचाही उपयोग नाही.

दुसरं काम : बॅकअप साध्या फाइलींचा ठेवा

बहुतेकांची खरी गोची इथे होते. कंपनीचं बॅकअप ॲप आवृत्त्या सांभाळतं, जागा वाचवतं, पण बाहेरच्या डिस्कवर तुमचे फोटो फोटो म्हणून दिसत नाहीत. दिसतो एक फोल्डर आणि त्यात अगम्य नावांचे तुकडे. सिनॉलॉजीच्या हायपर बॅकअपसाठी संगणकावर चालणारा एक्सप्लोरर मिळतो, तो आजच उतरवून त्यातून एक फाइल परत काढून पाहा. शिवाय आरसिंक या फाइली जशाच्या तशा कॉपी करणाऱ्या साधनाने एक सरळ प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्या. जागा जास्त जाते, जाऊ दे.

फोटोंच्या ॲपमध्ये केलेले अल्बम आणि चेहऱ्यांना दिलेली नावं बहुधा ॲपच्या डेटाबेसमध्ये असतात, फाइलीत नाही. फोल्डर उचलून नेला तर ती मागेच राहतात. महत्त्वाची वर्गवारी फोल्डरच्या नावांतच करा.

तिसरं काम : कंपनीच्या सर्व्हरशिवाय आत शिरून पाहा

राउटरची इंटरनेटची तार काढा, वायफाय चालू ठेवा आणि लॅपटॉपवरून एसएमबीने (घरच्या नेटवर्कवरून फोल्डर उघडण्याच्या नेहमीच्या पद्धतीने) फाइल उघडा. मार्च २०२३ मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या यंत्रणेत घुसखोरी झाल्यावर एप्रिलमध्ये तिची माय क्लाउड ही सेवा कित्येक दिवस बंद होती, आणि तिची माय क्लाउड होम ही पेटी वापरणाऱ्यांना स्वतःच्या घरातल्या फाइलीही उघडता येत नव्हत्या. तार काढल्यावर तुमचीही तीच गत होत असेल, तर नॅसवर स्थानिक वापरकर्ता खातं उघडा. तशी सोयच नसेल तर ती पेटी मुख्य साठा म्हणून वापरू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

नवा नॅस घेताना

त्यात चालणाऱ्या डिस्कची यादी आधी वाचा. सिनॉलॉजीने २०२५ च्या प्लस मालिकेत स्वतःच्या किंवा प्रमाणित डिस्कचीच अट घातली होती. बरीच ओरड झाल्यावर त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये डीएसएम ७.३ या तिच्या नॅस-प्रणालीच्या आवृत्तीत हार्ड डिस्कसाठी ती सैल केली. अटी अपडेटबरोबर बदलतात, दोन्ही दिशांना.

डेटा नव्या पेटीत हलवलात, की जुन्या डिस्कवर खणाचा क्रमांक मार्करने लिहा, दोन्हीकडची चेकसम (फाइलीतल्या मजकुरावरून काढलेला पडताळणीचा आकडा) जुळवा आणि ती जुळेपर्यंत जुनं काही फॉरमॅट करू नका.