शाळा बंद पडल्यावर गल्लीतला वर्ग कसा उभा करावा

संचारबंदी, दंगल किंवा चकमकींमुळे शाळा बंद झाल्या की पहिले आठ-दहा दिवस घरोघरी एकच वाक्य ऐकू येतं, 'उघडेल लवकरच.' ते दिवस वाया जातात. तिसऱ्या आठवड्यापर्यंत मुलांच्या झोपेचं गणित बिघडतं, नुकतं वाचू लागलेलं मूल पुन्हा अक्षर-अक्षर जुळवायला लागतं आणि मोठी मुलं दिवसभर नाक्यावर उभी दिसतात. म्हणून चौथ्या-पाचव्या दिवशीच वर्ग सुरू करा. अख्खी शाळा उभारायला जाऊ नका. रोज ठरल्या वेळी अडीच तास, मोजकी मुलं, वाचन आणि गणित, एवढंच धरा. चारही बाजूंनी अनिश्चितता असताना 'उद्या नऊला वर्ग आहे' ही मुलाच्या दिवसातली एकमेव पक्की गोष्ट असू शकते. म्हणून साहित्य कमी पडलं तरी चालेल, वेळ चुकता कामा नये.

हे याआधी अनेक ठिकाणी झालंय. दुसऱ्या महायुद्धात पोलंडमधल्या शिक्षकांनी राहत्या घरांतून छोट्या गटांना गुपचूप शिकवलं. 1988 मध्ये इस्रायलच्या ताब्यातल्या वेस्ट बँक या पॅलेस्टिनी भागातल्या शाळा लष्करी आदेशाने बंद झाल्यावर तिथल्या मोहल्ल्यांनी स्वतःचे वर्ग चालवले. 2016 मध्ये काश्मीर खोऱ्यात कित्येक महिने शाळा बंद होत्या, तेव्हा स्वयंसेवकांनी घरांत आणि मशिदींत मुलांना बसवलं. वेस्ट बँकचा अनुभव विशेष लक्षात ठेवण्यासारखा आहे. 1988 च्याच ऑगस्टमध्ये तिथल्या मोहल्ल्यांची कामं सांभाळणाऱ्या लोकसमित्याच बेकायदा ठरवल्या गेल्या आणि वर्ग चालवणारेही अडचणीत आले. तेव्हा आपल्याकडे जमावबंदीचा आदेश आहे का, किती माणसांना एकत्र बसता येतं आणि सूट कोणत्या वेळेत मिळते, हे सुरू करण्याआधी विचारून घ्या. परवानगी मिळत असेल तर लेखी घ्या.

जागा आणि माणसं

एका गटात दहा-बारा मुलं. मुलाला पाच मिनिटांपेक्षा जास्त चालावं लागू नये आणि मोठा रस्ता ओलांडावा लागू नये. चाळीस मुलांचा एक वर्ग करण्यापेक्षा चार घरांत चार वर्ग करा. शिकवायला सोपं जातं, आणि एका घराजवळ गडबड झाली तरी बाकीचे तीन चालू राहतात.

खोली तळमजल्यावरची, शक्यतो आतली, दोन दारांची असावी. खिडकीखाली कुणालाही बसवू नका. पक्षाचं कार्यालय, झेंडा लावलेली इमारत, पोलिसांचा किंवा सैनिकांचा मुक्काम असलेली जागा टाळा. चपला दाराबाहेर काढायला लावू नका. बारा जोडांचा ढीग आत मुलं जमली आहेत हे रस्त्यावरून सांगतो, आणि पळायची वेळ आली की तोच पायांत येतो. चपला आत, भिंतीकडेला, आपापल्या जागेच्या मागे.

प्रत्येक गटाला चार शिकवणारे हवेत. एकावेळी दोघं, आणि कुणीही आठवड्यात तीन दिवसांपेक्षा जास्त नाही. ही अट उत्साहाच्या भरात सगळे मोडतात. मग पंधरा दिवसांनी एकटी पडलेली शिक्षिका आजारी पडते आणि वर्ग बंद होतो. बी.एड. झालेली माणसं मिळाली तर उत्तमच. नाहीतर स्वच्छ वाचता येणारी, हात न उगारणारी कॉलेजची मुलगी किंवा निवृत्त कारकूनसुद्धा प्राथमिकचा गट छान सांभाळतात. कुणीही मोठं माणूस एका मुलाबरोबर बंद दाराआड एकटं राहणार नाही, हा नियम पहिल्याच दिवशी पालकांसमोर सांगा. तक्रार ऐकायला शिकवणाऱ्यांपैकी नसलेली एक बाई नेमा आणि तिचं घर मुलांना दाखवून ठेवा.

वर्ग भरणार की नाही, हा निर्णय रोज सकाळी एकाच माणसाने घ्यायचा. निरोप साखळीने जावा, एका घराने पुढच्या दोन घरांना सांगावं. इंटरनेट बंद झालं तरी हे चालतं. वर्गाचे फोटो, पत्ता, वेळ ग्रुपवर टाकू नका. यादीत मुलाचं नाव, पालकाचा नंबर आणि न्यायला कोण येणार, एवढंच लिहा. ती एका घरात कागदावर ठेवा. जात-धर्माचा रकाना चुकूनही नको, कारण अशी यादी कुणाच्या हाती पडेल याचा भरवसा नसतो.

इयत्ता विसरा, पातळी पाहा

सर्वांत मोठी चूक इथे होते. पाचवीचं पुस्तक उघडून पाचवीच्या मुलांना धडा शिकवायला घेतला की निम्मी मुलं नुसती बसून राहतात. पहिल्या दोन दिवसांत प्रत्येक मुलाला पाच मिनिटं वेगळं बसवून तपासा. आधी चार सोप्या ओळी वाचायला द्या. जमल्या तर छोटी गोष्ट, नाही जमल्या तर सुटे शब्द, तेही अडले तर अक्षरं. गणितात दोन अंकी संख्या ओळखणं, मग दशक सुटा करावा लागेल अशी वजाबाकी, मग भागाकार. मूल जिथे अडलं ती त्याची पातळी. असे तीन गट करा. आठ वर्षांचं आणि अकरा वर्षांचं मूल एका गटात आलं तर येऊ द्या, फक्त मोठ्याला लहानाला वाचून दाखवायचं काम द्या, म्हणजे त्याचा मान राहतो.

बारा मुलांसाठी साहित्य: काळा रंग दिलेला चार बाय तीन फुटांचा प्लायवूड, बारा पाट्या, खडूंची पेटी, प्रत्येकी दोन वह्या, जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानांवर केलेली अंकांची आणि शब्दांची कार्डं, गोष्टींची वीस-तीस पुस्तकं आणि दहा-दहाच्या जुड्या बांधायला दोनशे काड्या व रबरबँड.

काड्यांचा उपयोग असा. 52 मधून 27 काढायचे आहेत. मुलासमोर पाच जुड्या आणि दोन सुट्या काड्या ठेवा. सात सुट्या मागा. त्याच्याकडे दोनच आहेत. इथे गप्प बसा, सुचवू नका. थोड्या वेळाने ते स्वतः एका जुडीचा रबर काढतं. आता चार जुड्या, बारा सुट्या. सात दिल्या, पाच राहिल्या. दोन जुड्या दिल्या, दोन राहिल्या. पंचवीस. तो रबर त्याच्याच हाताने निघाल्यानंतर पाटीवर मांडणी दाखवा. उत्तर 35 लिहिणारं मूल वरचा अंक कुठला, खालचा कुठला हे न पाहता मोठ्यातून लहान वजा करत असतं. त्याला पुन्हा काड्यांकडे न्या, पाढे पाठ करायला लावून हे सुटत नाही.

वेळ अशी वाटा: दहा मिनिटं गाणं किंवा गप्पा, चाळीस वाचन-लेखन, वीस खेळ, चाळीस गणित, तीस गोष्ट किंवा परिसर, शेवटी दहा मिनिटं उद्याचं काम आणि घरी जायची तयारी. खेळाला कात्री लावू नका. वेळ कमी पडला की आधी तोच कापला जातो आणि उरलेला तास चिडचिडीत जातो. नववी-दहावीच्या मुलांना दुपारी वेगळं बसवा. त्यांना परीक्षेचा अभ्यासक्रमच हवा असतो. दोन दिवस गणित, दोन दिवस विज्ञान, एक दिवस भाषा, बाकी स्वाध्याय.

भीती आणि धोका

'काय पाहिलंस ते सांग' किंवा 'त्याचं चित्र काढ' असं कधीही म्हणू नका. मूल आपणहून बोललं तर ऐका, मधेच थांबवू नका, खोदूनही विचारू नका. 'हे कधी संपणार?' याला खोटं आश्वासन देऊ नका. 'मला माहीत नाही, पण आज दुपारपर्यंत आपण इथे एकत्र आहोत' हे उत्तर पुरतं. मुलं दगडफेकीचा खेळ खेळली तर रागवू नका, ती अनुभव पचवत असतात. कुणाला लागणार नाही एवढं पाहा. झोप न लागणं, पुन्हा अंथरूण ओलं करणं, बोलणं बंद होणं महिन्याहून जास्त टिकलं तर डॉक्टरांना दाखवा. वर्गात घोषणा आणि शत्रूची नावं नकोत. दुसऱ्या समाजाचं एक मूल जरी गटात असलं तरी प्रत्येक शब्द ते ऐकतंय. आणि खाऊ वाटायला बॅनर घेऊन येणाऱ्या पुढाऱ्याला नम्रपणे दारातूनच परत पाठवा.

आठवड्यातून एकदा सराव घ्या. टाळी वाजली की पुस्तक तिथेच सोडून ठरलेल्या भिंतीशी आडवं व्हायचं. गोळीबाराचा आवाज आला तर रस्ता आणि मुलं यांच्यामध्ये किमान दोन भिंती हव्यात. अश्रुधुराचा वायू हवेपेक्षा जड असतो. खिडक्या बंद करा, आत येऊ लागला तर वरच्या मजल्यावर न्या. डोळे चोळू देऊ नका, स्वच्छ पाण्याने दहा-पंधरा मिनिटं धुवा. गडबडीत मुलांना घरी पिटाळू नका. शांत झाल्यावर यादीत नाव असलेलाच माणूस मुलाला नेईल, शेजारी कितीही ओळखीचे असले तरी.

तिसऱ्या आठवड्यात हजेरी घसरते. मुली घरकामाला लागतात, मुलगे कमवायला जातात. दोन दिवस न आलेल्या मुलाच्या घरी तिसऱ्या दिवशी जा. बोल लावायला नव्हे, वेळ बदलून जमेल का ते विचारायला. धाकट्याला सांभाळावं लागत असेल तर त्याला घेऊन यायला सांगा, कोपऱ्यात बसेल.

प्रत्येक मुलाच्या वहीच्या शेवटच्या पानावर महिन्याला चार ओळी लिहा: किती दिवस आलं, काय वाचता येतं, गणितात कुठपर्यंत पोचलं, कशात अडतंय. खाली तारीख आणि सही. मूळ शाळेच्या पटावरचं नाव कमी होऊ देऊ नका, शक्य झाल्यास मुख्याध्यापकांना वर्गाची कल्पना देऊन ठेवा. शाळा उघडेल त्या दिवशी वही मुलाच्या दप्तरात ठेवा. वर्ग लगेच बंद करू नका. पहिला महिना संध्याकाळचा एक तास चालू ठेवा, कारण उघडलेल्या शाळा अशा काळात पुन्हा बंद होतात.