ऑस्ट्रेलियात नव्याने नोकरीला लागलेल्यांसाठी: सिक लीव्ह आणि केअरर्स लीव्ह

आपल्याकडून नव्याने आलेली माणसं अंगात ताप असताना गोळी घेऊन ऑफिसात जाऊन बसतात. त्यांना वाटतं साहेब निष्ठा बघून खूश होईल. प्रत्यक्षात शेजारच्या खुर्चीवरचा माणूस मनातल्या मनात शिव्या घालत असतो, कारण परवा तो आजारी पडणार असतो. यामागे बहुतेक वेळा भीती असते. प्रोबेशन चालू आहे, व्हिसा कंपनीच्या हातात आहे, पहिल्याच महिन्यात रजा कशी मागायची?

तर आधी हे डोक्यात बसवा: इथे आजारपणाची रजा मागायची नसते, कळवायची असते. खरोखर आजारी असाल, शक्य तितक्या लवकर कळवलं असेल आणि मागितल्यावर पुरावा दिला असेल, तर शिल्लक असलेली रजा नाकारायची सोय मॅनेजरला नाही. हा हक्क २००९ च्या फेअर वर्क कायद्यातून येतो. त्यातले किमान हक्क १ जानेवारी २०१० पासून लागू आहेत, आणि कंपनीच्या करारात त्याहून कमी काही लिहिलं असेल तर ते चालत नाही. (राज्य सरकारी नोकऱ्यांना अनेक ठिकाणी राज्याचे वेगळे नियम आहेत. वेस्टर्न ऑस्ट्रेलियात एकट्या मालकाच्या छोट्या धंद्यांनाही राज्याचाच कायदा लागतो. तिथे असाल तर तो वेगळा बघा.)

कायद्यात सिक लीव्ह आणि केअरर्स लीव्ह ही एकच थैली आहे. स्वतःच्या आजारपणाला वापरा किंवा घरच्या माणसाच्या. पूर्णवेळ नोकरीत वर्षाला १० दिवस मिळतात, पार्ट-टाइममध्ये तासांच्या प्रमाणात. ही रजा पहिल्या दिवसापासून थोडी थोडी जमत जाते, प्रोबेशनमध्येसुद्धा. आठवड्याला ३८ तास काम असेल तर दर आठवड्याला साधारण दीड तास जमा होतो, म्हणजे सहा महिन्यांत पाच दिवस. तिसऱ्याच आठवड्यात आजारी पडलात तर थैलीत जेमतेम अर्धा दिवस असेल. कंपन्या कधीकधी आगाऊ रजा देतात, पण तो त्यांचा चांगुलपणा, तुमचा हक्क नव्हे.

शिफ्टमध्ये काम करणाऱ्यांनी ‘१० दिवस’ म्हणजे १० शिफ्ट असं धरू नये. टास्मानियातल्या कॅडबरीच्या कारखान्यात बारा-बारा तासांच्या शिफ्ट होत्या. कामगारांचं म्हणणं, आम्हाला दहा शिफ्टची रजा हवी. प्रकरण थेट हायकोर्टापर्यंत गेलं (इथे हायकोर्ट हेच सर्वोच्च न्यायालय), आणि ऑगस्ट २०२० मध्ये निकाल मालकाच्या बाजूने लागला. १० दिवस म्हणजे दोन आठवड्यांचे नेहमीचे तास, असा अर्थ कोर्टाने लावला. त्यामुळे आठवड्याला ३६ तास काम करणाऱ्याला वर्षाला ७२ तास, म्हणजे बारा तासांच्या सहाच शिफ्ट. नर्सिंगमध्ये, वेअरहाउसमध्ये लागलेल्यांनी हा हिशोब तासांतच करावा. पैसेही मूळ दराने मिळतात. रविवारचा किंवा रात्रीचा जादा दर आजारपणात धरत नाहीत, तेव्हा पगार कमी आला म्हणून लगेच भांडायला जाऊ नका.

महाराष्ट्रात किरकोळ रजा वर्ष संपलं की बुडते, म्हणून डिसेंबरात सगळे एकदम ‘आजारी’ पडतात. इथे तसं करायचं काही कारण नाही. न वापरलेली रजा पुढच्या वर्षात जाते, त्याच्याही पुढच्या वर्षात जाते. मात्र नोकरी सोडली की ती संपली. अ‍ॅन्युअल लीव्हचे पैसे हातात येतात, हिचे सहसा येत नाहीत, आणि नव्या नोकरीत पुन्हा शून्यापासून सुरुवात. माझं मत विचाराल तर पहिली दोन-तीन वर्षं ही रजा जमेल तेवढी साठू द्यावी. सोमवारी सकाळी खोटा घसा बसवून फोन करण्यात ती घालवू नये. आईवडील तिकडे आणि आपण इकडे असताना तिचा उपयोग कधी होईल सांगता येत नाही.

आता आपल्या लोकांची जिथे खरी गफलत होते तो भाग. ‘घरचं माणूस’ कोण? कायद्याने नवरा-बायको किंवा जोडीदार, मुलं, आईवडील, आजी-आजोबा, नातवंडं, सख्खी भावंडं. आणि जोडीदाराची हीच सगळी नाती. सावत्र आणि दत्तक नातीही यात येतात. म्हणजे सासू-सासरे आले, दीर, नणंद, मेहुणा (बायकोचा भाऊ), मेहुणी आले. पण काका, मामा, मावशी, आत्या नाहीत. चुलतभाऊ, मावसबहीण नाहीत. भावजय, जाऊ, साडू, एवढंच काय, सून आणि जावईसुद्धा नाहीत. चाळीत एकत्र वाढलेल्या चुलतभावाला इथला कायदा भाऊ मानत नाही, याचं वाईट वाटतं, पण फॉर्म भरताना तेच खरं.

यालाही एक दार आहे. तुमच्याबरोबर त्याच घरात राहणारी व्यक्ती, नातं असो वा नसो, कायद्याने घरातली धरली जाते. तुमच्याकडे राहणारी मावशी यात येते. चौघांनी मिळून घर भाड्याने घेतलं असेल आणि त्यातल्या एकाला अपेंडिक्सच्या ऑपरेशननंतर बघायला कोणी नसेल, तर त्या फ्लॅटमेटसाठीही केअरर्स लीव्ह घेता येते. हे कित्येक वर्षं राहिलेल्यांनाही माहीत नसतं.

मुलाला ताप आला म्हणून चाइल्डकेअरने दुपारी फोन केला, तर ही रजा चालते. चाइल्डकेअर अचानक बंद झालं तरी चालते, कारण अनपेक्षित अडचणही कायद्यात धरली आहे. शाळेच्या सुट्ट्या मात्र अनपेक्षित नसतात. त्यांच्यासाठी अ‍ॅन्युअल लीव्ह.

भारतात आईवडील आजारी पडले तर? आजारी माणूस ऑस्ट्रेलियातच असला पाहिजे अशी अट कायद्यात नाही. त्याला तुमच्या देखभालीची गरज आहे आणि तुम्ही ती देणार आहात, एवढं दाखवता आलं पाहिजे. तिकडच्या हॉस्पिटलकडून इंग्रजीत, लेटरहेडवर, तारखा घालून आणि ‘यांना कुटुंबीयांच्या देखभालीची गरज आहे’ असं स्पष्ट लिहिलेलं पत्र घ्या. डिस्चार्ज झाल्यावर घेऊ म्हणाल तर राहून जातं. प्राण धोक्यात असतील किंवा मृत्यू झाला, तर कम्पॅशनेट लीव्ह वेगळी आहे: दर प्रसंगाला दोन दिवस, वरच्याच नात्यांसाठी. ही साठवावी लागत नाही, आणि कायम नोकरीत ती पगारी असते. दोन दिवसांत मेलबर्नहून सांगलीला धड पोहोचताही येत नाही, तेराव्यापर्यंत थांबणं तर दूरच. म्हणून बाकीचे दिवस अ‍ॅन्युअल लीव्हमधून किंवा बिनपगारी घ्यावे लागतात. अशा वेळी मॅनेजरला आडवळणाने न सांगता सरळ सांगा, ‘आमच्याकडे तेरा दिवसांचे विधी असतात.’ बहुतेक जण समजून घेतात.

उलटही होतं. सुट्टीवर पुण्याला गेलात आणि डेंग्यूने अंथरुण धरलं, तर तेवढे दिवस अ‍ॅन्युअल लीव्हमधून काढून सिक लीव्हमध्ये टाकून मिळतात. तिथल्या डॉक्टरचं सर्टिफिकेट मात्र घेऊन या.

पुराव्याबद्दल दोन शब्द. ‘एक दिवसाला सर्टिफिकेट लागत नाही’ हे तुम्हाला कोणीतरी सांगेलच. तो काही कंपन्यांचा रिवाज आहे, कायदा नव्हे. मालक अर्ध्या दिवसासाठीही पुरावा मागू शकतो. जीपीची, म्हणजे नेहमीच्या फॅमिली डॉक्टरची वेळ मिळाली नाही तर साध्या आजारांसाठी बऱ्याच फार्मसींत फार्मासिस्टही सर्टिफिकेट देतो, किंवा स्टॅट डेक, म्हणजे प्रतिज्ञापत्र करता येतं, आता मायगव्ह या सरकारी पोर्टलवरून ऑनलाइनसुद्धा. त्यात खोटं लिहिणं गुन्हा आहे, हे गमतीत घेऊ नका. आजाराचं नाव सर्टिफिकेटवर असायलाच हवं असं नाही. ‘कामासाठी अनफिट, अमुक ते अमुक तारीख’ पुरतं. मानसिक आजारही आजारच आहे आणि त्याला हीच रजा लागू होते. आपल्या लोकांना ते कळवायची लाज वाटते. मग पोटदुखीचं नाव सांगतात. त्याची गरज नाही.

कळवताना मेसेज किंवा ईमेल करा, म्हणजे नोंद राहते. ‘आज बरं नाही, बहुधा दोन दिवस येता येणार नाही’ एवढं पुष्कळ झालं. हॉटेलांत आणि दुकानांत ‘आधी तुझ्या जागी माणूस शोध’ असं सांगतात. कायद्याची अट फक्त कळवण्याची आहे, बदली माणूस शोधण्याची नाही.

कॅज्युअल, म्हणजे पुढच्या कामाची हमी नसलेल्या नोकरीत असाल तर वरचं पगारी प्रकरण तुम्हाला नाही. त्याच्या बदल्यात तासाच्या दरात साधारणपणे २५ टक्के जास्त मिळतात. ते पैसे रजेचेच आहेत असं समजून बाजूला ठेवा, नाहीतर फ्लूच्या आठवड्यात भाड्याची पंचाईत होते. बिनपगारी केअरर्स लीव्ह दर प्रसंगाला दोन दिवस मिळते. ऑगस्ट २०२४ पासून सहा महिने काम झाल्यावर (१५ पेक्षा कमी माणसं असलेल्या धंद्यात बारा महिने) कायम करा असं लेखी कळवता येतं, मात्र तुमचं काम प्रत्यक्षात कॅज्युअल राहिलेलं नसलं पाहिजे. आणि कोणी ‘एबीएन (स्वतंत्र धंद्याचा नोंदणी क्रमांक) काढ, मग कामावर घेतो’ म्हणालं, पण वेळ, जागा, पद्धत सगळं तोच ठरवत असेल, तर सावध व्हा. रजा, सुपर (निवृत्तीसाठी मालकाने भरायचे पैसे) हे सगळं टाळायची ती जुनी युक्ती आहे आणि ती बेकायदा आहे.

व्हिसाचं म्हणाल तर विद्यार्थी असा की ४८२ वर (कंपनीने स्पॉन्सर केलेल्या कामाच्या व्हिसावर), रजेचे हक्क नागरिकाइतकेच. व्हिसाच्या अटीत काही चूक झाली असली तरी हे हक्क जात नाहीत, हे २०२३ पासून कायद्यातच लिहिलं आहे. तात्पुरत्या आजारपणासाठी, पुरावा दिलेला असताना, कोणाला काढता येत नाही. आजारपणाची गैरहजेरी बारा महिन्यांत एकूण तीन महिन्यांपेक्षा जास्त झाली आणि ती सगळी पगारी सिक लीव्हमध्ये बसत नसेल, तर हे संरक्षण सुटतं. प्रोबेशनमध्येही हे संरक्षण लागू आहे. काढलंच तर फेअर वर्क कमिशनकडे (नोकरीचे वाद ऐकणारी सरकारी संस्था) अर्ज करायला फक्त २१ दिवस असतात, आणि इथे बरेच जण भारतात फोनवर सल्ले घेण्यात ते घालवतात.

घरात मारहाण, धमक्या, पैशांची अडवणूक होत असेल, तर त्यासाठी वर्षाला १० दिवसांची वेगळी पगारी रजा आहे. कॅज्युअलनाही, पहिल्या दिवसापासून पूर्ण, आणि पे-स्लिपवर तिचा उल्लेख करायला मनाई आहे. बोलायला कोणी हवं असेल तर १८०० ७३७ ७३२ हा नंबर दिवसरात्र चालू असतो.

रजेची शिल्लक पे-स्लिपवर छापलीच पाहिजे असं बंधन नाही, पण विचारल्यावर मालकाने सांगितली पाहिजे. दर तीन-चार महिन्यांनी विचारून स्वतःकडे लिहून ठेवा. आकडा जुळत नसेल तर आधी पगार बघणाऱ्याला विचारा. निम्म्या वेळा तिथेच मिटतं. नाही मिटलं तर फेअर वर्क ऑम्बड्समनला, म्हणजे पगार-रजेच्या तक्रारी बघणाऱ्या सरकारी कार्यालयाला, १३ १३ ९४ वर फोन करा. इंग्रजीत बोलायचा धीर होत नसेल तर १३१ ४५० वर दुभाषा मागा, ते पुढचा फोन स्वतः जोडून देतात.