निधी आटला तरी शाळेतली दादागिरीविरोधी मोहीम थांबवू नका
पैसे संपले की आधी पोस्टर आणि टी-शर्ट बंद करा; फारसं काही बिघडत नाही. जपायची ती बघ्या मुलांची तयारी. फिनलंडच्या तुर्कू विद्यापीठाने आखलेल्या ‘किवा’ या शाळांसाठीच्या दादागिरीविरोधी कार्यक्रमाचाही मोठा भर बघ्यांवरच आहे, कारण दादागिरीला हसणारे प्रेक्षक लागतात. आठवड्यातून एकदा वर्गात 15 मिनिटं काढा: त्रास झालेल्याशेजारी जाऊन कसं बसायचं, मोठ्यांना कसं सांगायचं, हे मुलांकडून प्रत्यक्ष करून घ्या. मधल्या सुट्टीत शिक्षकांची पाळी जिन्यांजवळ, स्वच्छतागृहांबाहेर, मैदानाच्या कोपऱ्यांत लावा. (व्हरांड्यात गप्पा मारत उभं राहणं म्हणजे देखरेख नव्हे.) तक्रारपेटी जुन्या खोक्याचीही चालेल, पण ती रोज उघडणारं एक ठरलेलं माणूस हवं. उत्तर मिळेनासं झालं की मुलं चिठ्ठ्या टाकणं सोडतात.