धरणावर रात्री गळ टाकायला जाताय? आधी चटई घ्या

गेल्या डिसेंबरात आम्ही तिघं भाटघर धरणाच्या बॅकवॉटरला रात्रभर बसायचं ठरवून गेलो आणि पहाटे तीनला गाडीत काचा लावून कुडकुडत बसलो. मासा एकच, तोही संध्याकाळी सातला लागलेला. या वर्षी परत जायचंय, म्हणून लिहून काढतोय. मागच्या वेळी यादी डोक्यात होती आणि त्या यादीत चटई नव्हती.

चटई म्हणजे खाली घालायची, जाड फोमची. पांघरायला आमच्याकडे रग्गड होतं. दोन-दोन ब्लँकेटं, कानटोप्या, एकाने तर आजीची गोधडी आणलेली. खाली मात्र नुसती ताडपत्री. ताडपत्री ओल अडवते, गारठा अडवत नाही. पाणी ओसरलेली जमीन आतून ओलीच असते, ती पाठीतून ऊब ओढून घेते. वर चार गोधड्या घेतल्या तरी पाठ बर्फच. फोमची नसेल तर पुठ्ठे घ्या, दुमडलेली गोणपाटं घ्या, गावातून पेंढा मागा. पण खाली काहीतरी घाला.

रॉड, रील, तंगूस, शिसं, गळ यांवर लिहीत नाही. हे विसरणाऱ्याने घरीच झोपावं. घुंगरू मात्र प्रत्येक रॉडला वेगळ्या आवाजाचं बांधा, अंधारात कुठला वाजला ते कळतं. रॉड खुंटीला दोरीने अडकवा आणि रीलचा ड्रॅग, म्हणजे तंगूस सुटू देणारा ब्रेक, ढिला ठेवा. तुम्ही चहा ओतत असताना दोन-तीन किलोचा सायप्रिनस (कॉमन कार्प मासा) रॉडसकट पळतो, आणि मग त्या पाण्यात कोण उतरणार?

परवानगी आधीच विचारून ठेवा. धरणातल्या मासेमारीचे हक्क बहुतेक ठिकाणी मच्छीमार संस्थेला किंवा ठेकेदाराला दिलेले असतात. काठावरच्या गावात चौकशी केली की माणूस सापडतो. रात्री अकराला बॅटरी मारत कुणी आलं की मग हुज्जत घालण्यात अर्थ नाही. त्यांच्या जाळ्यांपासून लांब बसा.

चारा. इथे लोक पावसाळ्याचा हिशोब हिवाळ्यात लावतात. पाणी गार झालं की माशाचं पचन मंदावतं, तो कमी खातो आणि कमी हिंडतो. पेंडीची पिशवी ओतलीत तर तो त्यातलंच चघळत बसेल, तुमच्या गळाकडे ढुंकूनही बघणार नाही. दोन मुठी बास. कणकेची गोळी हरभऱ्याएवढी, बोराएवढी नको. कटला वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या, मृगळ आणि सायप्रिनस तळाला. रात्री तळाला शिसं टेकवून सायप्रिनसचीच वाट बघायची. (तसा हा पाहुणाच. १९५७ साली बँकॉकहून आणलेला, आता इथलाच झालाय.) कणीक, बेसन, ठेचलेला लसूण घरीच मळून न्या. काठावर त्या पाण्यात हात घालून कणीक मळलीत तर बोटं अर्धा तास गळ बांधायच्या कामाची राहत नाहीत. आणि ती मळलेली कणीक पिशवीत भरताना एकदा बघा, चटई गाडीत गेली का?

जागा उजेडातच धरा, चारच्या आत. रब्बीसाठी नीरेच्या कालव्यांना पाणी सोडलेलं असेल तर काठ मागे सरकत जातो. संध्याकाळी पाण्याच्या कडेला एक काठी रोवा, रात्री बॅटरी मारून बघा, म्हणजे कळतं. उघड्या पडलेल्या गाळाला वरून भेगा दिसतात म्हणून तो कडक समजू नका. खाली लोणी असतं. माझा एक बूट अजून तिथेच आहे. मुरमाड उतार बघा, आणि अगदी खोलगट जागी अंथरूण टाकू नका, गार हवा तिथेच साचते.

थंडीत साप नसतात असं म्हणणारा भेटला तर त्याला सोबत नेऊ नका. घोणशीचा मीलनाचा काळच हिवाळ्यात असतो. बूट घालून फिरा, बॅटरीशिवाय पाय टाकू नका, सरपणात हात घालू नका. सर्पदंशावरचं प्रतिविष असलेलं जवळचं रुग्णालय कुठलं, ते निघायच्या आधी विचारून ठेवा.

एक गोष्ट दरडावून सांगतो. तंबूत शेगडी किंवा निखारे न्यायचे नाहीत. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपलेला माणूस उठत नाही. शेकोटी बाहेर, झोप आत. दारूने ऊब येते हाही भ्रमच. कातडी गरम लागते आणि आतली ऊब निघून जाते. थर्मास भरून चहा न्या, भाकरी आणि ठेचा न्या. मोज्यांचा कोरडा जोड झोपताना घाला, आधीचे दवाने भिजलेलेच असतात.

पहाटे काही लागत नाही. ऊन पाण्यावर येईपर्यंत पडून राहा, चटईवर.

सकाळी हातजाळी जवळ ठेवा, नऊच्या सुमारास परत चावे सुरू होतात. निघताना तंगुसाचे तुकडे वेचा, पाणकावळे अडकतात. राख विझवा. कचरा गाडीत. चटई उन्हात वाळवून डिकीतच ठेवा, घरात नेऊ नका. माझी माळ्यावर गेली होती, सुटकेसच्या मागे.