बेशुद्धी किती खोल? ग्लासगो स्केल घेताना
मेंदूच्या एकाच बाजूला इजा झाली तर माणूस सहसा कोमात जात नाही. दोन्ही अर्धगोल किंवा जागं ठेवणारी मस्तिष्कस्तंभातली यंत्रणा बंद पडावी लागते. म्हणून आधी ग्लुकोमीटरवर साखर बघा. साखर उतरली की सगळा मेंदूच उपाशी पडतो, आणि हे कारण वेळीच सापडलं तर दुरुस्त होतं.

मग ग्लासगो स्केल, म्हणजे शुद्धी मोजायची गुणपट्टी. जास्तीत जास्त गुण: डोळे उघडण्याला 4, बोलण्याला 5, हालचालीला 6. मोठ्याने हाक मारा. प्रतिसाद नसेल तर भुवईखालच्या खाचेत अंगठ्याने दाब हळूहळू वाढवत 10 सेकंदांपर्यंत न्या (चेहऱ्याला फ्रॅक्चर असेल तर हे नको, त्याऐवजी खांद्याचा स्नायू चिमटीत दाबा). हात गळपट्टीच्या हाडाच्या वर पोचला तर हालचालीचे 5, कोपरात ताठ झाला तर 2. नुसतं नख दाबून भागत नाही; हात तर मज्जारज्जूच्या प्रतिक्षिप्त क्रियेनेही मागे येतो. तिन्हींची बेरीज 8 किंवा कमी म्हणजे श्वासमार्ग आधी सांभाळा.